गेम खेळणारी मुलं लिहिती कशी झाली? (चौथीच्या वर्गातला एक अनुभव आणि उपक्रम)



मागच्या वर्षी प्रथम सत्रात मी चौथीच्या वर्गाला निबंध लिहायला दिला. विषय नेहमीचाच, 'माझा आवडता छंद'. वर्गाचा पट ३१. वह्या घरी आणल्या आणि रात्री जेवणं उरकल्यावर तपासायला बसले. ३१ पैकी १९ जणांचा छंद 'वाचन' निघाला. पुस्तके आपले मित्र असतात, वाचनाने ज्ञानात भर पडते, फावल्या वेळेचा सदुपयोग होतो. सगळी वाक्यं एकाच गाईडमधली, चुकांसकट सारखी. वर्गातल्या वाचनकोपऱ्यातून नियमित पुस्तक घरी नेणारी मुलं किती, ते मला माहीत होतं. सहा.

उरलेल्यांत क्रिकेट, चित्रकला, बागकाम होतं. आणि एका वहीत फक्त दोन वाक्यं होती :

"माझा छंद गेम खेळणे. पण तो चांगला नाही."

एवढंच. खाली पान कोरं.

हा मुलगा (नाव मुद्दाम देत नाही) वर्गात 'लिहीत नाही' म्हणूनच ओळखला जायचा. वाचन ठीक, गणित बरं, पण "वह्या काढा" म्हटलं की हा पेन्सिलला टोक करायला कचऱ्याच्या डब्यापाशी जाऊन उभा राहणार तो तास संपेपर्यंत. त्याच्या त्या दोन वाक्यांत एकही चूक नव्हती. लाल पेन हातात धरून मी बराच वेळ बसले. १९ मुलांनी बाईंना काय आवडेल ते लिहिलं होतं. याने खरं लिहिलं होतं आणि लगेच पुढच्या वाक्यात माफी मागितली होती. ही माफी त्याला शिकवली कोणी? आम्हीच. आठच दिवसांपूर्वी परिपाठात 'मोबाईलचे दुष्परिणाम' यावर मी स्वतः दहा मिनिटं बोलले होते.

आणि खरं सांगायचं तर, मी स्वतः गेम खेळते.

माझा लपवलेला छंद

आमच्या लहानपणी घरात कॅसेटवाला टीव्ही गेम आला तो भावाच्या हट्टामुळे. पहिला रिमोट अर्थात त्याचा. १९८५ साली जपानच्या निन्टेंडो कंपनीने काढलेला 'सुपर मारिओ' आमच्यापर्यंत पोचायला बरीच वर्षं लागली होती, पण आम्हाला तो नवा कोराच होता. त्यात दोघांनी खेळायचं तर पहिल्याला लाल मारिओ आणि दुसऱ्याला हिरवा लुईजी मिळतो. शिवाय पहिला मेल्याशिवाय दुसऱ्याची पाळी येत नाही. त्यामुळे माझा बराचसा वेळ भाऊ कधी मरतो याची वाट पाहण्यात जायचा.

वाट बघता बघता मी एक काम सुरू केलं. जुन्या वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवायचं, की कुठल्या विटेत काय दडलंय आणि कुठल्या नळातून खाली जाता येतं. पहिल्या भागाच्या दुसऱ्या पातळीत वर चढून छतावरून चालत गेलं की शेवटी तीन नळ लागतात आणि त्यांतून एकदम पुढच्या भागात जाता येतं, हे सापडलं त्या दिवशी मी पानभर मजकूर लिहिला होता. भाऊ खेळायला बसला की मला विचारायचा, "वहीत बघ गं, इथं काय आहे?" माझं लिहिलेलं कोणाच्या तरी उपयोगी पडतंय, हे मला पहिल्यांदा तिथं कळलं.

आणि मग लोडशेडिंग. त्या गेममध्ये खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती. वीज गेली की सगळं गेलं, परत पहिल्यापासून सुरुवात. भाऊ चिडून बाहेर खेळायला जायचा. मी कंदिलाच्या उजेडात वही काढायची आणि पुढं काय झालं असतं ते लिहायची. किल्ल्यात कोण होतं, राजकन्या तिथं कशी पोचली, लुईजीला नेहमी दुसराच नंबर का मिळतो. पुढे डी.एड.ला असताना पाठ टाचणं लिहून बोटं दुखायची, तरी रात्री रूमवर मी कथा लिहायचे. मला लिहायची गोडी लागली ती निबंधाच्या तासाला नाही, वीज गेलेल्या संध्याकाळी लागली. पण शिक्षिका झाल्यावर हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. कसं दिसेल ते?

आजही मुलगी झोपली की मी अधूनमधून 'स्टारड्यू व्हॅली' खेळते. हा शेतीचा गेम आहे. २०१६ साली आला आणि एरिक बरोन नावाच्या एकाच माणसाने चारेक वर्षं खपून तो बनवला; चित्रं, संगीत, संवाद सगळं त्याचंच. आमचे हे हसतात, "घरचं शेत पडलंय, तिकडं जा की." पण त्या शेतात गारपीट नाही आणि भावही पडत नाही! कावळे मात्र येतात, बुजगावणं लावावं लागतं. त्यातल्या प्रत्येक गावकऱ्याची एक गोष्ट आहे आणि ती हळूहळू कळत जाते. मी पीक कमी काढते, गोष्टी जास्त ऐकते.

त्याने सांगितलं ते आणि त्याने लिहिलं ते

दुसऱ्या दिवशी वह्या परत देताना मी त्या मुलाला एवढंच म्हटलं, "मी पण गेम खेळते. तुझा कुठला?" त्याने आधी माझ्याकडे आणि मग मागच्या बाकाकडे पाहिलं. कोणी हसतंय का ते. "बाई, खरंच?"

मधल्या सुट्टीत खिचडीची ताटं धुऊन झाल्यावर तो आला आणि बोलत सुटला. विमानातून उडी, बेट, बंदूक शोधणे, लहान होत जाणारं वर्तुळ. हात, डोळे, आवाज सगळ्यांनी बोलत होता. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. मी म्हटलं, "हेच लिहून आण."

त्याने लिहून आणलं ते असं : "मी उतरलो. गन घेतली. तिघांना मारलं. मी जिंकलो. मजा आली."

मला आधी वाईट वाटलं, मग कारण लक्षात आलं. तोंडी सांगताना त्याच्यासमोर मी होते. मला कळलं नाही तर माझा चेहरा त्याला सांगत होता आणि तो जास्त खुलवत होता. शिवाय रोज तो ज्या मित्रांशी हे बोलतो त्यांना तो गेम पाठ असतो. "उतरलो" म्हटलं की त्यांना बेट दिसतं. कागदाला चेहरा नसतो. ज्याने काहीच पाहिलेलं नाही त्याच्यासाठी लिहायचं असतं, ही गोष्ट आपण लेखन शिकवताना मुलांना सांगतच नाही. विषय देतो, दहा ओळी मागतो आणि वाचणार कोण, तर मार्क देणाऱ्या बाई.

मी त्याला विचारलं, "हा गेम अजिबात माहीत नसलेलं कोण आहे तुझ्या ओळखीचं?"

तो म्हणाला, "शेजारची आजी."

"मग तिच्यासाठी लिही."

यातून आमचा उपक्रम सुरू झाला. पाच तासिका लागल्या. कृती खाली देते आहे. त्याआधी थोडी माहिती, कारण ती मी वर्गातही सांगितली आणि मुलांना फार आवडली.

गेम आणि शब्द : थोडा इतिहास

आज गेम म्हटलं की चित्रं डोळ्यांसमोर येतात. पण सुरुवातीच्या काळात असे गेम होते ज्यांत एकही चित्र नव्हतं, फक्त शब्द होते. अमेरिकेत विल क्राउदर नावाचे एक संगणक प्रोग्रॅमर होते. त्यांना गुहा धुंडाळायचा नाद होता. केंटकी राज्यातल्या मॅमथ केव्ह या प्रचंड गुहेत ते हिंडलेले होते. १९७५-७६ च्या सुमाराला, घटस्फोटानंतर, आपल्या मुलींना खेळता यावं म्हणून त्यांनी त्या गुहेवर एक गेम लिहिला. तो 'कोलोसल केव्ह अ‍ॅडव्हेंचर' या नावाने ओळखला जातो. पडद्यावर मजकूर यायचा, तुम्ही कुठे उभे आहात, आजूबाजूला काय आहे. खेळणाऱ्याने एकदोन शब्द टाइप करायचे. दिवा घे. आत जा. की पुढचा मजकूर. १९७७ मध्ये डॉन वुड्स यांनी त्यात बरीच भर घातली आणि तो खूप पसरला. घर विभागल्यावर एका बापाने मुलींसाठी शब्दांची गुहा बांधली, असं मी सांगितलं तेव्हा वर्ग एकदम शांत झाला होता.

मारिओ आणि 'झेल्डा' हे गेम बनवणारे शिगेरू मियामोटो जपानमधल्या क्योटोजवळच्या सोनोबे गावात वाढले. लहानपणी रानात भटकताना त्यांना एक गुहा सापडली आणि कंदील घेऊन ते आत शिरले. हा अनुभव झेल्डामागे आहे असं त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे. आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर २०२० साली आलेला 'राजी' हा गेम पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीने बनवला. त्यात हरवलेल्या भावाला शोधायला निघालेली मुलगी आहे. म्हणजे या गेमच्या मागे आधी कोणाची तरी आठवण असते, कोणाची तरी गोष्ट असते आणि ती कोणीतरी बसून लिहिलेली असते.

'माइनक्राफ्ट'मध्ये तर खेळता खेळता पुस्तक लिहिता येतं. त्यात उसापासून कागद होतो, कागद आणि चामडं मिळून वही होते, वहीला पीस आणि शाई जोडली की लिहायची सोय. लिहून झालं की नाव देऊन सही करायची. सही झाल्यावर एक अक्षरही बदलता येत नाही. उसापासून कागद म्हटल्यावर मुलं हसली, आणि मग एकाने विचारलं, "बाई, खरंच होतो का?" उसाच्या चिपाडापासून खरंच कागद करतात, हा परिसर अभ्यासाचा धडा त्या दिवशी फुकटात झाला.

उपक्रम : पाच तासिका

तासिका १ – पाठीला पाठ. मुलांच्या जोड्या केल्या. दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचं. एकाने आपल्या खेळातली एक जागा सांगायची, दुसऱ्याने न विचारता ती काढायची. मग चित्र बघायचं. "घर होतं" म्हटल्यावर समोरच्याने आपलं कौलारू घर काढलं होतं, आणि सांगणाऱ्याच्या डोक्यात तीन मजली पडकी इमारत होती. चित्र जिथं चुकलं तिथं आपला शब्द कमी पडला, हे मुलांना न समजावता समजलं.

ज्या मुलांकडे मोबाईल नाही त्यांचं काय, असा प्रश्न येईलच. मी 'खेळ' एवढाच शब्द वापरला. एका मुलीने सागरगोट्यांवर लिहिलं. वर उडालेला सागरगोटा खाली येईपर्यंत जमिनीवरचे किती उचलायचे, याचा निर्णय किती पटकन घ्यावा लागतो, याचं तिने केलेलं वर्णन सगळ्यात सरस होतं.

तासिका २ – पाच प्रश्न. फळ्यावर लिहिले :
१. तू कुठे आहेस? काय दिसतं, काय ऐकू येतं?
२. तुला काय हवं आहे?
३. आडवं काय येतं?
४. तू काय ठरवलंस?
५. का ठरवलंस?

पाचवा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. गेममध्ये बोट आपोआप चालतं. 'का' विचारलं की मूल थांबतं आणि स्वतःकडे बघतं. सुरुवातीला सगळ्यांचं उत्तर "असंच". मी म्हटलं, "असंच हे उत्तर चालेल, पण एकदाच."

तासिका ३ – खर्डा. प्रत्येकाने वाचणारा आधी ठरवायचा आणि वहीच्या वर त्याचं नातं लिहायचं. आजीसाठी, गावाकडच्या मामासाठी, पहिलीतल्या बहिणीसाठी. या तासाला शुद्धलेखन तपासायचं नाही. पेन्सिल मोडली तर दुसरी माझ्या टेबलावर ठेवलेली आहे, टोक करायला उठायचं नाही!

तासिका ४ – वाचून दाखवणे आणि पुन्हा लिहिणे. खर्डा घरी नेऊन त्या व्यक्तीला वाचून दाखवायचा. ती जे जे विचारेल ते समासात लिहून आणायचं आणि मग वर्गात दुसरा खर्डा. माझ्या त्या विद्यार्थ्याला शेजारच्या आजीने विचारलं, "ते बेट कुठल्या तालुक्यात आलं रे? आणि तिथं जेवता काय तुम्ही?" त्याने ते दोन्ही प्रश्न प्रामाणिकपणे समासात लिहून आणले होते.

दुसऱ्या खर्ड्यात त्याचं लेखन असं झालं : "मी विमानातून उडी मारली तेव्हा खाली समुद्र दिसत होता. मला घरांपाशी उतरायचं होतं पण तिथं खूप जण उतरत होते. म्हणून मी लांब गवतात उतरलो. गवतात आपण कोणाला दिसत नाही. पण आपल्याला पण कोणी दिसत नाही."

शेवटची दोन वाक्यं मी तीनदा वाचली.

तासिका ५ – शब्दांचा गेम. गुहेच्या गेमसारखा आपला गेम तयार करायचा, शाळेच्या परिसरावर. जुन्या कॅलेंडरची पानं कापून मागच्या कोऱ्या बाजूला लिहायचं. प्रत्येक कार्डावर तीन-चार वाक्यं आणि शेवटी दोन वाटा. "तुम्ही हापशापाशी उभे आहात. पाणी येत नाही. मागच्या वर्गातून आवाज येतोय. वर्गात जायचं असेल तर कार्ड ५. पळून जायचं असेल तर कार्ड ९." गटात पाच मुलं, एका गटाची १२ कार्डं. मग गटांनी एकमेकांचे गेम खेळायचे. एखादी वाट कुठेच पोचत नसेल तर खेळणारे लगेच ओरडतात, त्यामुळे मुद्द्यांचा क्रम आणि सुसंगती वेगळी शिकवावी लागली नाही. आकारिक मूल्यमापनासाठी हीच कार्डं मी फाईलला लावली.

जिथे माझं चुकलं

हे सांगितल्याशिवाय लेख पूर्ण होणार नाही.

त्या मुलाच्या तिसऱ्या की चौथ्या लेखनात हे वाचायला मिळालं : "मी पडलो की एक दादा येतो आणि मला उठवतो. त्याचं नाव मला माहीत नाही. तो रोज सातला येतो. तोपर्यंत आई पण आलेली नसते."

त्याची आई एमआयडीसीत कंपनीत कामाला. वडील टेम्पो चालवतात, आठवड्यातले तीन-चार दिवस बाहेरगावी. शाळा सुटल्यापासून रात्री आठपर्यंत तो, मोबाईल आणि टीव्ही. मोबाईल वडिलांचा जुना, आईला फोन करता यावा म्हणून ठेवलेला. नऊ वर्षांचं पोर रोज सात वाजता एका अनोळखी माणसाशी आवाजाने बोलत होतं आणि ते घरात कोणालाच माहीत नव्हतं.

मी घाबरले. त्याच संध्याकाळी आईला फोन केला आणि त्याने लिहिलेलं वाचून दाखवलं. आईने घरी गेल्यावर मोबाईल तपासला. तो 'दादा' कोण हे कळलं नाही. वाईट काही घडलेलंही नव्हतं. पण आईने गेम काढून टाकला, आणि "बाईंनी सांगितलं" असं त्याला सांगितलं.

आईला कळवणं बरोबरच होतं. आजही मी कळवेन. हा गेम नऊ वर्षांच्या मुलासाठी नाही हेही मी त्यांना आधीच सांगायला हवं होतं. मुलगा लिहायला लागला या आनंदात मी ते टाळलं होतं. पण त्याच्याशी न बोलता कळवलं, हे चुकलं. दुसऱ्या दिवशी त्याने वही उघडली नाही. पेन्सिलचं टोक करायलाही उठला नाही. तीन आठवडे एक ओळ लिहिली नाही. एकदाच म्हणाला, "तुम्ही म्हणालात आजीसाठी लिही. मी आईसाठी नव्हतं लिहिलं."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्याची माफी मागितली, सगळ्या वर्गासमोर नाही, व्हरांड्यात. त्याला सांगितलं की मला तुझी काळजी वाटली म्हणून मी आईला फोन केला, आणि परत तशी वेळ आली तर परत करेन, पण आधी तुला सांगेन. आता वर्गात लेखन सुरू करायच्या आधीच हा नियम मी फळ्यावर लिहिते : तुमचं लिहिलेलं मी तुम्हाला विचारल्याशिवाय कोणाला दाखवणार नाही. कोणी त्रास देतंय किंवा धोका आहे असं वाटलं तर सांगावं लागेल, पण आधी तुमच्याशी बोलेन. शिक्षक मित्रांनो, मुलांना "मनातलं लिहा" म्हणण्याआधी आपण हे ठरवायला हवं. मी ठरवलं नव्हतं.

पालकांसाठी काही गोष्टी

गेम निर्धोक आहेत असं मी अजिबात म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 'गेमिंग डिसऑर्डर' हा विकार आपल्या आजारांच्या वर्गीकरणात घेतला आहे आणि ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. त्याची लक्षणं समजून घेण्यासारखी आहेत : खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा गेमच महत्त्वाचा होत जाणं, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणं. साधारणपणे वर्षभर असं चालू असेल आणि अभ्यास, घर, मैत्री यावर ठळक परिणाम होत असेल तरच तज्ज्ञ त्याला विकार म्हणतात. म्हणजे रोज अर्धा तास खेळणारं प्रत्येक मूल आजारी नसतं. आणि जे खरंच अडकलंय त्याला मार देऊन उपयोग नाही, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर तर २०२५ मध्ये संसदेने बंदीचा कायदाच केला आहे. त्या वाटेला घरातल्या मोठ्यांनीही जाऊ नये.

माझ्या अनुभवातून एवढं सुचवते :

• हिसकावून घेण्याआधी पाच मिनिटं सूचना द्या. ऑनलाइन सामना मध्येच थांबवता येत नाही, आणि काही गेममध्ये ठरावीक टप्प्यालाच खेळ साठवला जातो. "एवढं संपू दे ना" यात दरवेळी नाटक नसतं. (अर्थात 'अजून एकच दिवस पीक बघते' म्हणत मलाही रात्रीचा दीड वाजलेला आहे. दुसऱ्या दिवशी वर्गात मी विनाकारण ओरडले होते. म्हणून वेळ आधी ठरवा, आणि मोठ्यांनीही पाळा.)

• आठवड्यातून एकदा शेजारी बसा आणि बघा. "किती मारले?" ऐवजी "हे असं का केलंस?" असं विचारा.

• लहान मुलांच्या गेममधला माइक बंद ठेवा. कोणाशी बोलतो हे दरडावून नको, सहज विचारा.

• खेळून झाल्यावर, रोज नाही, कधीतरी, चार ओळी लिहायला सांगा. पण ते बक्षीस किंवा शिक्षा करू नका. "पान लिहिलंस तर मोबाईल देईन" म्हटलं की लेखन मेलं.

एका सहकारी सरांनी मला विचारलं, "मुलांनी बंदुकांवर लिहायचं का?" प्रश्न योग्य आहे. मी एक नियम केला, कितीजण मारले ते मोजायचं नाही, आपण काय ठरवलं ते लिहायचं. काही दिवसांत बंदुका आपोआप मागं पडल्या, कारण बंदुकीबद्दल लिहायला फार काही नसतंच. गवताबद्दल असतं.

वर्षाच्या शेवटी

त्या मुलाने पुन्हा लिहायला सुरुवात केली ती शब्दांच्या गेमपासून. कार्डं करायला गटात चौघंच होते, पाचवा हवा होता. त्याच्या शेवटच्या कार्डावर लिहिलं होतं : "तुमची बॅटरी संपली. घाबरू नका. शाळेच्या मागे पळत या, आम्ही लगोरी खेळतोय. एक गडी कमी आहे." आता शाळा सुटल्यावर तो शेजारच्या आजीकडे बसतो. आईने तशी सोय केली. रविवारी वडिलांसोबत तासभर गेम खेळायची परवानगी आहे, दुसरा, त्याच्या वयाला साजेसा.

एप्रिलमध्ये मी तोच निबंध परत दिला, 'माझा आवडता छंद'. या वेळी वाचन सात जणांचं निघालं, आणि त्यातल्या पाच जणांनी पुस्तकाचं नाव लिहिलं होतं. एकीने शेळीची पिल्लं सांभाळण्यावर लिहिलं, एकाने बाभळीचा डिंक गोळा करण्यावर. त्याचं पाऊण पान भरलं होतं. शेवटचं वाक्य असं : "हा छंद चांगला आहे का ते मला अजून माहीत नाही."

मी खाली लिहिलं, "मलाही नाही. कळलं की एकमेकांना सांगू."

आपल्या वर्गात हा उपक्रम नक्की घेऊन बघा. पाच तासिका, जुनी कॅलेंडरं आणि एक नियम आधी फळ्यावर, एवढंच लागतं.